आजच्यापुरतं मान्य

४ फेब्रुवारी

कावळाबाई,

फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. फोन वाजला की तुझे बाबा पेपर तोंडासमोर धरतात आणि पान उलटायचं विसरतात. मी नुसतं "हो का?" म्हटलं तरी त्यांचे कान टवकारतात. फोन ठेवला की विचारतात, "कोणाचा होता?" जसं काही मी दूधवाल्याशी अर्धा तास हसत होते.

मी ठणठणीत आहे. शिवणयंत्र कुरकुरतं, पण चालतं. बाबाही ठणठणीत, फक्त फुगलेले. वर्ष होत आलं आता. तू विचारतेस, "आई, मी खोटं काय बोलले?" खोटं नाही गं बोललीस. एवढं मोठं बक्षीस घ्यायला उभी राहिलीस आणि जगासमोर म्हणालीस, "माझे वडील बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होते. मी काहीही विचारलं तरी ते ठामपणे उत्तर द्यायचे आणि ते उत्तर हमखास चुकीचं असायचं. म्हणून मी शास्त्रज्ञ झाले." सभागृह हसलं. इथे कारखान्यातली माणसंही हसली. त्यांनी खास टीव्ही आणून गोदामाच्या दाराशी लावला होता आणि सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बाबा बसले होते, मी शिवलेला नवा शर्ट घालून. दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेले की कोणीतरी म्हणणारच, "काका, आज वार कोणता? नको नको, तुम्ही नका सांगू!"

तेव्हापासून त्यांनी तुझ्याशी अबोला धरलाय. आणि तू? तू एकदा त्यांच्यावर चिडून फोन आपटलास तो आपटलासच. तुम्हा दोघांच्या नाकावरच्या रागाला मी औषध आणू तरी कुठून?

शाळेने नव्या प्रयोगशाळेला तुझं नाव द्यायचं ठरवलंय, हे तुला कळलंच असेल. मे महिन्यात त्या समारंभाला तू येणार म्हटल्यावर बाबांनी जाहीर केलं की त्या दिवशी ते तुझ्या आत्याकडे जाणार. मी आत्याला कळवलं. ती म्हणाली, "खुशाल येऊ दे त्याला. दाराला कुलूप असेल. मी भाचीचं कौतुक बघायला तुमच्याकडेच येणारे." हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मला एकच हवंय. तू त्या व्यासपीठावर चढशील तेव्हा हे पहिल्या रांगेत असावेत आणि तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघावं. बाकी मला काही नको.

हो, एक सांगायचं राहिलं. तुझ्या लहानपणावर पुस्तक लिहिणारे एक लेखक परवा दारात उभे. मुलांसाठी लिहितात म्हणे. आपला पत्ता त्यांना कोणी दिला कोण जाणे.

तुझी आई

२१ फेब्रुवारी

कावळाबाई,

या नावाचं कारण लेखकांनी विचारलं. मी म्हटलं, दिवसभर "का? का?" करायची, म्हणून बाबांनीच ठेवलं. पेपरामागून बाबा खाकरले, म्हणजे बरोबर आहे.

लेखक आता आपल्याकडे रोजचेच झालेत. मोठे धोरणी आहेत. पहिल्या दिवशी बाबा तोंडातून शब्द काढेनात, तर त्यांनी मलाच मोठ्याने विचारलं, "मुलीला विज्ञानाची गोडी कोणामुळे लागली?" मीही काही कमी नाही. म्हटलं, "शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंमुळे."

पेपर खाली आला. "बाईंमुळे? त्या बाईंनी हिला शाळेतून काढायचं तेवढं बाकी ठेवलं होतं!"

मग काय, धरण फुटलं. तू पाचवीत बाईंना भर वर्गात म्हणाली होतीस, "हातात आणून दाखवा, मग बोला," ते सांगून झालं. मला शाळेत बोलावलं होतं, आठवतं? मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मी चोरासारखी उभी. बाईंनी विचारलं, "हे हिला घरी कोण शिकवतं?" मी म्हटलं, "आमच्या घरचा नियम आहे." त्यावर बाईंनी जे पाहिलं माझ्याकडे!

लेखकांना नियम समजावून सांगावा लागला. जेवायला बसल्यावर आमच्या घरात कोणीही बाबांची चूक काढू शकतं, शेंबडं पोरसुद्धा. पण नुसतं तोंड चालवायचं नाही. वस्तू आणायची आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवायची. ते बघणार, घास चावणार, पुन्हा बघणार आणि म्हणणार, "हं. आजच्यापुरतं मान्य." मग तू खुर्चीवर उभी राहून नाचायचीस आणि मी तुला खाली ओढायची.

लेखक खूप हसले. मग हळूच म्हणाले, "पण काका, तुमची उत्तरं खरंच चुकीची असायची?"

मी स्वयंपाकघरात होते. हात थांबला माझा. म्हटलं, झालं, आता उठून जाणार हे. पण ते उठले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मुद्दाम."

"म्हणजे?"

"मुद्दाम चुकीचं सांगायचो. बरोबर सांगितलं असतं तर पोरीने मान डोलावली असती आणि विषय संपला असता. चुकीचं सांगितलं की ती शोधायला उठायची. ही माझी पद्धत होती."

माझ्या हातातलं झाकण पडलं. मुद्दाम! साबण हिरवा असून फेस पांढरा का, तर "रंग जड असतो, तो खाली बसतो" असं मलाही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगणारा हा माणूस! तुला कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला निघाले तेव्हा "सगळे रस्ते नदीकडे उतरतात" म्हणून तुला भलत्याच टोकाला घेऊन गेले. त्या गावाला नदीच नव्हती. तुम्ही पोचेपर्यंत खोल्या संपल्या आणि तुला ती बॉयलरशेजारची खोली मिळाली. तेही मुद्दामच असेल!

पण मी गप्प बसले. कितीतरी दिवसांनी ते खुर्चीत ताठ बसले होते गं.

आई

१० मार्च

कावळे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, ठिणगीच ती. "धादांत खोटं आहे. लेखकांनी मसुदा तपासायला पाठवलाय. ते पान मी काढायला लावणार." हे वाचून मी तासभर शिवणाला हात लावला नाही.

तुला वाटतं, बाबा तुझं नावही काढत नाहीत. नाव काढत नाहीत हे खरं. पण मला फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा उरलेली नाही, ती कोणामुळे? तुझ्या शोधाबद्दल पेपरात आलं होतं ना, खारं पाणी गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो, आणि त्यावरून तू पाणी शुद्ध करायची रीत काढलीस? बाबांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "सगळं कुठे टाकतो? थोडं आत राहतंच." त्या दिवसापासून फ्रीजमध्ये वाट्याच वाट्या. जास्त मीठ, कमी मीठ, वरचा बर्फ, तळाचा बर्फ. चाखून तोंड वाकडं करतात आणि पुन्हा ठेवतात. परवा पाहुण्यांच्या सरबतात मी नेमका त्यातलाच बर्फ टाकला. पाहुणे सज्जन, एका दमात प्याले आणि लगेच निघाले. माणूस रागावतो तेव्हा पाठ फिरवतो. हे तुझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतायत. आमच्या घरात याला काय म्हणतात, ते तुला सांगायला नको.

आणि स्पष्टच लिहिते. खोटं नको म्हणतेस, पण तुझं भाषण तरी पुरं कुठे होतं?

बर्फाच्या लादीच्या मधोमध पांढरं का असतं, असं तू विचारलंस तेव्हा तू केवढीशी होतीस. सुट्टीत बाबांचा डबा घेऊन कारखान्यात जायचीस. तो अमोनियाचा वास, मिठाच्या पाण्यात बुडवलेले पत्र्याचे डबे, त्यावरच्या लाकडी फळ्या, पायाखाली ओला भुसा. साखळीच्या यारीने डबा वर उचलायचे, साध्या पाण्यात बुडवून काढायचे आणि तिरपा केला की लादी सुर्रकन घसरत यायची. तू ओरडायचीस, "आली, आली!" कडेने काच आणि मधे पांढरा धूर. बाबा म्हणाले, "तो थंडीचा अर्क. थंडी मधे साठते." तू एक पांढरा तुकडा आणि एक काचेसारखा तुकडा दोन वाट्यांत घालून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलास. पांढरा काही जास्त टिकला नाही. उलट विरघळताना त्यातून बारीक बुडबुडे निघाले. बाबांनी बघितलं. घास चावला. "हं. आजच्यापुरतं मान्य. हवा आहे ती."

"हवा आली कुठून?"

"पाण्यातच असते. उकळलं की जाते." त्यांच्या आयुष्यातलं एक बरोबर उत्तर, तेही चुकून लागलेलं.

मग तू हट्ट धरलास की पाणी उकळून त्याची लादी करायची. माझं सगळ्यांत मोठं पातेलं गेलं, सकाळचा स्वयंपाक गेला. पण ते गार झालेलं पाणी कारखान्यात कोणी नेलं? बाबांनी. साहेबांची बोलणी खाऊन टाकीच्या कोपऱ्यात छोटा डबा कोणी लावला? बाबांनी. आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती लादी गोणपाटात गुंडाळून सायकलवर घातली आणि वितळायच्या आत घरी पोचावी म्हणून चढावरही पाय टेकला नाही, तो कोण? दारात आले तेव्हा पाठीवरून पाणी गळत होतं आणि धापा टाकत ओरडत होते, "अगं, बघ, पलीकडचं दिसतंय! थंडीचा अर्क नाहीच! मी चुकलो, बघ!" तुम्ही दोघांनी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यातून पेपरचे मथळे वाचले. अक्षरं वाकडी दिसत होती, पण वाचता येत होती. माझ्या टेबलाचं लाकूड फुगलं ते आजतागायत.

स्वतःच्या चुकीचा पुरावा स्वतःच्या सायकलवर घालून आणणारा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही. हे तू भाषणात का नाही सांगितलंस? भाषणाला वेळ थोडा होता, कबूल. पण लोक हसले म्हणून हे रुसले, असं तुला वाटत असेल तर ते तसं नाही. तू त्यांची चूक सांगितलीस आणि मान्य करणं सांगितलं नाहीस, हे त्यांना लागलं. मला बोलले नाहीत. पण इतकी वर्षं एका घरात काढली, आता कळतं मला. म्हणूनच तर मी त्या लेखकांना पत्र लिहिलं की निदान पुस्तकात तरी...

बरं, आता निसटलंच आहे तर असू दे. पत्ता मीच दिला होता.

तर माझं एवढं ऐक. ते "मुद्दाम" राहू दे. कोणाचं काय बिघडतंय?

आई

२ एप्रिल

कावळे,

खाण तशी माती म्हणतात ते काही उगाच नाही. तू लिहितेस, सायकलचं तू विसरली होतीस, ते वाचून तुला प्रयोगशाळेतून उठून बाहेर जावं लागलं. बरं वाटलं वाचून. खूप बरं वाटलं. आणि त्याच पत्रात खाली लिहितेस, "पण मुद्दाम हा शब्द मी ठेवू देणार नाही. ते मुद्दाम नव्हतं, आई. तसं असतं तर मला आवडलं नसतं." दगडावर डोकं आपटावं, पण तुझ्याशी वाद घालू नये.

इकडे तर कहरच झालाय. लेखकांनी ते कुठेतरी बोलून दाखवलं आणि गावभर झालं. चहाच्या दुकानात आता कोणी वार विचारत नाही, सगळे "गुरुजी" म्हणतात. शेजारचा सुतार आपल्या पोराला मुद्दाम चुकीचे पाढे सांगतो, पोर नापास झालं. आणि आता तुझ्याच शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन गेल्या. बाबांनी मुलांसमोर त्यांच्या "पद्धतीवर" बोलायचं आहे. बाबा आरशासमोर हातवारे करतायत. मी म्हटलं, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" तर म्हणाले, "तुला शिक्षणातलं कळत नाही."

मला भीती एवढीच वाटते की पुस्तक येईल, त्यात ते पान नसेल आणि लोक दुसऱ्यांदा हसतील. मग मे महिनाच काय, पुढचा कुठलाच महिना माझ्या कामाचा नाही. विचार कर.

आई

१९ एप्रिल

कावळाबाई,

काल शाळेतला कार्यक्रम झाला. घडलं तसं लिहिते.

वरच्या मजल्यावरचा लांबोळका वर्ग, तोच, खिडकीची कडी न लागणारा. मी मागच्या बाकावर बसले. बाबा छान बोलले, उगाच कशाला नाही म्हणू? पोरं खळखळून हसत होती. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, तर "तो गोल आहे, घरंगळतो" हे त्यांनी तुला सांगितलं होतं, त्यावर तर मुख्याध्यापिकाही डोळे पुसत होत्या. शेवटी बाबा म्हणाले, "कोणाला काही विचारायचंय?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन वेण्या, एक सुटलेली. "आजोबा, तुम्हाला खरं उत्तर माहीत असायचं?"

"असायचं तर."

"आणि तरी तुम्ही तिला दुसरंच सांगायचात?"

"ती शिकावी म्हणून."

"म्हणजे खोटं बोलायचात?"

वर्ग हसला. ती नाही हसली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तिला कळायचं का, तुम्ही खोटं बोलताय ते?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मुख्याध्यापिकांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या म्हणून निभावलं.

कोणाला शेवटचा निरोप देऊन परतताना सुद्धा मला टायर काळे का असतात ते समजावणारा हा माणूस, घरी येताना सबंध रस्ता गप्प. मी आवडीचं केलं होतं, तेही उष्टावलं आणि उठले. आज सकाळपासून खिडकीत बसलेत. फ्रीज उघडला नाही.

माझंच चुकलं बहुतेक, लेखकांना बोलावून. तू ते पान काढ. त्यांना ते आता मिरवताही येणार नाही आणि टाकताही येणार नाही.

आई

२१ एप्रिल

माझी कावळी,

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच. घाई आनंदाची आहे, घाबरू नकोस.

काल सकाळी बाबांनी दाढी केली, तोच नवा शर्ट घातला, वर्षभर कपाटात होता तो, आणि म्हणाले, "लेखकांकडे जाऊन येतो." मला आठवलं की मला दोरा आणायचाय. "दोरा त्या बाजूला मिळत नाही," म्हणाले. मी म्हटलं, "मिळतो." आणि गेले बरोबर.

लेखक टेबलाशी लिहीत होते. बाबा बसलेसुद्धा नाहीत.

"ते मुद्दाम लिहिलंय ना तुम्ही, ते खोडा."

लेखक गडबडले. "अहो काका, पुस्तकातला सगळ्यांत सुंदर भाग आहे तो! मुलीचं पत्र आलं का? त्यांचाही आक्षेप होता, पण मी त्यांची समजूत..."

"तिचा आक्षेप होता?" बाबा थांबले. माझ्याकडे वळून पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग ते म्हणाले, आणि मी तुला शब्दन् शब्द लिहितेय, "असणारच. मुद्दाम सांगितलं म्हटलं, तर मी पोरीशी खोटं बोललो असं होतं. मी तिच्याशी आयुष्यात खोटं बोललो नाही. मला जे खरं वाटत होतं तेच सांगितलं. ते चुकीचं निघालं. चुकीचंच छापा."

लेखकांनी पेन उचललं. ते खोडतात की नाही, हे बघत बाबा वाकून उभे राहिले. खोडलं. मग बाबा म्हणाले, "अजून एक रेघ मारा." मारली.

मी जिन्यातच रडले. बाबा म्हणाले, "रडायला काय झालं?" म्हटलं, "दोरा नाही मिळाला." तर म्हणतात, "मी सांगितलं होतं, या बाजूला मिळत नाही." आयुष्यातलं दुसरं बरोबर उत्तर!

मग रस्त्यात एकदम थांबले. भाजीच्या गाड्यामागे, भर गर्दीत. म्हणाले, "मे महिना फार लांब आहे. मी तिच्याकडे जातो."

मी तरी आणखी कशाची वाट बघणार होते? शनिवारच्या गाडीने निघतोय. फोन करू देत नाहीत. म्हणतात, फोनवर तिचं तोंड दिसत नाही. टपालाने इमान राखलं तर हे पत्र आमच्या आदल्या दिवशी पोचेल. स्टेशनवर येऊ नकोस, घरीच राहा. रस्ता मी विचारीन, त्यांना विचारू देणार नाही. शाळेला मी कळवलंय, मे महिन्यात पहिल्या रांगेत तीन खुर्च्या, एक आत्याची.

आता शेजारच्या खोलीत बॅग भरणं चाललंय आणि बोलणंही. मी दाराला कान लावला. "काय गं, बरी आहेस ना?" मग गप्प. "तुझ्या आईने आणलं मला." मग गप्प. "वाळलीस." मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी बाहेर आले, एक मोजा हातात, आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"अगं, तिच्यासमोर गेल्यावर पहिलं काय बोलायचं?" म्हणाले. "मला नाही माहीत."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांचा दुसरा मोजा शोधून दिला.

तेव्हा दार उघडलंस की तूच आधी बोल.

आई